नऊ पावसाळे बाहेर

माझं नाव धर्मा. हरिहरेश्वरच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडावर आमचा कोळीवाडा आहे, तिथे माझा जन्म झाला. मराठी चौथीपर्यंत शिकलो आणि अठराव्या वर्षी मुंबईला जाऊन मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून लागलो. बोटीवर सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो, मीच वाचून दाखवायचो. म्हणून लिहायची सवय टिकली. हे मात्र मी दवाखान्याच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून लिहितो आहे. ते म्हणाले, "बोटीवरून, गिरणीतून वर्षानुवर्षांनी घरी येणारे तुझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे." औषधाचं शास्त्र मला येत नाही. अंगावरून गेलं तेवढं सांगतो.

नऊ वर्षांत मी तीनदा घरी आलो होतो आणि तिन्ही वेळा थंडीच्या दिवसांत. एकदा लग्नाला, पुढे दोनदा महिना-दीड महिन्याच्या रजेवर. पावसाळा मी घरी काढलाच नव्हता. त्या साली बोटींना माल मिळेना. आमची बोट गोदीत बांधून ठेवली आणि पाऊस संपल्यावर कळवू असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. वैशाखाच्या शेवटी, किनाऱ्याची वाहतूक बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या आगबोटीने मी आलो.

घरात आई, माझी बायको येसू आणि सहा वर्षांची मुलगी भागी. भागीच्या पाठीवर एक मुलगा झाला होता. मी त्याला पाहिलं नाही. अकरा महिन्यांचा असताना तो तापाने गेला. ते पत्र मला दोन महिन्यांनी एका परक्या बंदरात मिळालं. दुसऱ्यांची पत्रं वाचून दाखवणारा मी, माझं एकट्यानेच वाचलं.

*

आषाढात वाडीत घरोघर ताप होता, पण कुणी त्याची दखल घेत नव्हतं. एके सकाळी भागी कुडकुडत येसूच्या लुगड्यात शिरली. अंग चटका बसेल असं तापलेलं. मी घाबरलो. आई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"पाळीपाळीनं येनारा ताप हाय तिचा. जाईल."

आणि खरंच, दुपारी भागी अंगणातल्या पाण्यात करवंट्या सोडून खेळत होती.

चार दिवसांनी मी ओटीवर जाळं विणत बसलो होतो. सुई बोटांतून निसटली. उचलली, पुन्हा निसटली. नखं निळी पडली होती. मग दात वाजायला लागले. येसूने गोधड्या घातल्या, त्यावर वाकळ, त्यावर घरातलं जुनं शीड घातलं, तरी खालची बाज हलत होती. तासाभराने थंडी गेली आणि सगळं अंगावरून फेकून द्यावं असा जाळ पेटला. संध्याकाळी घामाने चिंब झालो आणि हलकं वाटलं. भात आणि सुकटाचं कालवण पोटभर जेवलो.

आई हसली. "ये, आता घरचा झालास."

मलाही तसंच वाटलं. मी इथला. याच पाण्यावर वाढलो. लहानपणी हाच ताप अंगावर काढून मी होडीवर जायचो. पोस्टात हिवतापावरच्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या मिळतात हे ठाऊक असून मी आणायला गेलो नाही. ते औषध घाटावरून आलेल्या लोकांसाठी, अशी आमची समजूत.

तिसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा थंडी वाजली. पाचव्या दिवशी पुन्हा.

*

मागच्या खोलीत माझी बाज टाकली. त्या खोलीला एक खिडकी, तिच्यासमोर शेजाऱ्याची भिंत. समुद्र दिसत नव्हता, दिवसभर ऐकू मात्र यायचा. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. खाडीला गढूळ पाण्याचा लोंढा. श्रीवर्धनकडे जाणारी पायवाट ओढ्यांनी तोडलेली. पाऊस थांबेपर्यंत कुणी कुठे जायचं नव्हतं. विलायतेची बंदरं पाहून आलेला मी, बाजेवरून दारापर्यंत जायला भिंत धरत होतो.

लोकांना वाटतं तापाचा दिवस वाईट. त्या दिवशी विचार करायला डोकंच जागेवर नसतं. मधला दिवस वाईट. त्या दिवशी ताप नसतो, माणूस बसतो, पेज पितो आणि उद्याची वाट पाहतो. दुपारची सावली भिंतीवर कुठवर आली की थंडी सुरू होते, ते मला पाठ झालं होतं. मी त्या जागेकडे पाहत बसायचो. पुढे पुढे पाळीचाही नेम राहिला नाही. रोज ताप येऊ लागला आणि पुरता उतरेना.

वाडीत बोलणं सुरू झालं. बोटीवरचा पाव-बिस्कूट खाऊन धर्मा नरम पडला. आईला ते लागलं. ती शेजारणींना सांगायची, "थोडा ताप हाय, बसलाय जाळं विणत." मग आत येऊन माझ्या तोंडाला काडेचिराईताचा काढा लावायची आणि म्हणायची, "माझ्या पोटचा हायस ना तू? मग तुलाच का इतका?" जणू मी मुद्दाम करत होतो.

येसू माझे कपडे बदलायची, मला पाजायची, मासळी नव्हती म्हणून खाडीच्या काठी कालवं फोडायला जायची. एकदा मी पेज परत लोटली. चव नाही म्हणालो. तिने वाटी खाली ठेवली.

"माझा पोर अस्साच पडला व्हता," ती म्हणाली. "तोंड मिटून. तवा तुमी कुठं व्हतात?"

आवाज चढवला नव्हता. तिने वाटी पुन्हा माझ्या तोंडाशी धरली. मी प्यालो.

*

त्यानंतरचा एक दिवस मला आठवत नाही. येसूने सांगितलेला सांगतो. मी बोटीवरचे इंग्रजी हुकूम ओरडत होतो आणि भागी जवळ आली तेव्हा "ही कोण पोर?" असं विचारलं. भागी रडत बाहेर पळाली. येसू तशीच वाडीतल्या आपल्या भावाकडे गेली आणि म्हणाली, "होडी काढ."

"खाडी बघितलीस?" तो म्हणाला.

"बघितली. काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली, भरतीचं पाणी थोपलं होतं. तेवढ्यात त्यांनी मला होडीच्या तळाशी निजवून पलीकडे नेलं. भागी आजीजवळ राहीना, म्हणून तिलाही घेतलं. पलीकडच्या गावात दवाखाना होता आणि त्या साली तिथे हिवतापाची पाहणी करायला एक डॉक्टर येऊन राहिले होते. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक होता. माझं दैव म्हणायचं.

डॉक्टरांनी माझ्या डाव्या बरगडीखाली हात घातला. बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं. बऱ्याच वेळाने आतून परत आले.

"हा पावसाळा धरून गेल्या काही वर्षांत किती पावसाळे घरी काढलेस?"

"हा पयलाच. नऊ वर्सं बाहेर व्हतो."

"मग या तापाला तू इथला नाहीस. घाटावरून काल आलेला कारकून आणि तू सारखेच."

मी ऐकत होतो, पण पटत नव्हतं. त्यांनी येसूच्या मागे लपलेल्या भागीला पुढे बोलावलं. तिच्या पोटावर हात ठेवला तशी ती गुदगुल्या होऊन हसायला लागली. तिची पाणथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीपर्यंत वाढलेली होती. वाडीतल्या सगळ्याच पोरांची पोटं तशी. आम्हाला ती भात खाऊन झालेली वाटायची. त्यांनी तिचंही रक्त घेतलं, आत गेले आणि परत आले.

"हिच्या रक्तात तेच किडे आहेत. तुझ्याइतके नाहीत, पण आहेत."

मी भागीकडे पाहिलं. ती दवाखान्याच्या पायरीवरून पाण्यात उड्या मारत होती.

"हिला ताप का नाही मग?" मी विचारलं.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. म्हणाले, "लहानपणी हा ताप पुन्हा पुन्हा येतो. जे मूल त्यातून वाचतं, त्याचं रक्त लढायला शिकतं. त्यात या किड्यांना आवरणारं काहीतरी तयार होतं. किडे पुरते मरत नाहीत, पण वरचढ होत नाहीत. तुझ्याही रक्ताला ते येत होतं. पण ही विद्या उजळणीशिवाय टिकत नाही. नऊ वर्षं तुला ताप नाही, उजळणी नाही. हे आतून नेमकं कसं घडतं ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही."

"आनि जी पोरं वाचत न्हाईत?" येसूने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "किती महिन्यांचा होता?"

"अकरा."

"तेच वय वाईट," ते म्हणाले, आणि उठून कोयनेल काढायला गेले.

*

दवाखान्याच्या पडवीत चार खाटा होत्या. अकरा दिवस मी त्यांतल्या एकीवर होतो. सकाळी कंपाउंडर यायचा, माझा जबडा धरून कडू पाणी पाजायचा आणि गिळल्यावर जीभ बाहेर काढायला सांगायचा. कोयनेलने कान वाजतात. माझ्या कानांत बोटीचं इंजिन घरघरत होतं आणि लोक बोलले की ते भिंतीपलीकडून बोलल्यासारखं वाटायचं. लघवीला उठायचं तर दोघांनी धरायचं. मला बायकांसमोर त्याची लाज वाटायची, चौथ्या दिवसापासून तीही वाटेनाशी झाली.

शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचा एक कचेरीतला कारकून होता. त्यालाही हाच ताप. कित्येकदा आम्ही एकाच वेळी कुडकुडायचो. एकदा तो म्हणाला, "आमचं ठीक आहे हो, आम्ही परगावचे. तुम्ही तर इथलेच ना?" मी हो म्हणालो आणि कूस बदलली.

तो भला माणूस होता. बरा होऊन निघाला तेव्हा स्वतःची मच्छरदाणी सोडून माझ्या खाटेला बांधून गेला. त्याच्या बायकोने साताऱ्याहून पाठवलेली होती. मी नको म्हणालो तर म्हणाला, "मी बदलीचा अर्ज केलाय. तुम्हाला कुठे बदली?"

येसू दर दोन-तीन दिवसांनी खाडी ओलांडून यायची. बसायची, माझे पाय चेपायची. एकदा तिच्याच डोळ्यांत ताप दिसला. मी विचारलं तर म्हणाली, "हाय थोडा. उतरेल." आणि तशीच वल्ह्याला बसून परत गेली.

*

आता माझा मूर्खपणा सांगतो, कारण हे लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

घरी पाठवताना डॉक्टरांनी पुढच्या काही आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या, ताप नसला तरी. नऊ दिवस घेतल्या. ताप नव्हता, भूक लागत होती, कानांतलं इंजिन मात्र बंद होत नव्हतं. मी गोळ्या एका डबीत घालून वाशाच्या आड ठेवल्या.

भाद्रपदात ताप परत आला. या खेपेला थंडी वाजली नाही, मी सरळ जमिनीवर कोसळलो. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. दोन दिवस मी कुणाला ओळखलं नाही. डॉक्टरांना आणायला होडी गेली. ते आले, कोयनेलचं इंजेक्शन दिलं आणि गोळ्यांबद्दल विचारलं. येसूने घर शोधलं. डबी सापडली.

मी शुद्धीवर आल्यावर तिने ती माझ्या छातीवर ठेवली.

"ही काय?"

"कान वाजत व्हते."

"कान," ती म्हणाली. त्यानंतर प्रत्येक गोळी तिने स्वतः माझ्या तोंडात घातली आणि जिभेखाली बोट फिरवून पाहिलं. वाडीतल्या बायका दारातून बघून हसायच्या. तिने कुणाचीही पर्वा केली नाही.

*

दसऱ्याच्या सुमारास पत्र आलं. बोट सुटणार होती, दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. मला उभं राहता येत होतं. समुद्र मोकळा झाला होता, आगबोटी सुरू झाल्या होत्या. मला इथून पळायचं होतं. दुसरा विचार डोक्यात नव्हता. पण एकट्याने नाही. एवढं पाहिल्यावर येसूला आणि भागीला मी इथे ठेवणार नव्हतो. मुंबईत खोली घेऊ म्हणालो. येसूला तेव्हा चौथा महिना होता.

डॉक्टरांना विचारायला गेलो. त्यांनी पत्र वाचून परत दिलं.

"ने," ते म्हणाले. "मुंबईतही ताप आहे, पण इथल्याइतका नाही. मात्र नेलंस तर कायमचं ने. चार-सहा वर्षं ठेवून मग पावसाळ्यात परत आणलंस, तर त्यांची गत तुझ्यासारखी होईल. इथे राहतात तोवर त्यांना संरक्षण आहे."

"म्हंजे हितं राहिलं तर ताप, नि गेलं तर परतीची वाट बंद."

"तसंच काहीसं," ते म्हणाले.

घरी येऊन मी सांगितलं. आई म्हणाली, "तुमी जावा. मी न्हाय येत. माझी माणसं हितं गेली, मी पण हितंच जाणार." मग उठून बाहेर गेली.

येसू चुलीपाशी होती. "तुमी बोटीवर जाणार," ती म्हणाली. "मी मुंबईत, दोन पोरं घेऊन, ओळख ना पाळख. नि पाच वर्सांनी ऐन पावसात सासूबाय पडल्या, तर मी ह्या पोरीला घेऊन हितं येऊ का नको येऊ?"

चार महिने मी त्या खोलीत स्वतःला कोंडलेला समजत होतो. माझी बायको जन्मापासून कोंडलेली होती आणि तिने त्याला कधी तसं नाव दिलं नव्हतं. बाहेर पडलेला मी एकटा होतो, म्हणून भिंत मलाच दिसली.

येऊ शकत नाही असं मी गोदीला कळवलं. त्या पत्रावर माझं अक्षर इतकं वाकडं आलं की मी ते दोनदा लिहिलं.

*

चैत्रात मुलगा झाला. सुदाम. पहिले सहा-सात महिने त्याला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, आईच्या रक्तातून मुलाला थोडं मिळालेलं असतं, ते संपलं की सांभाळा. कारकुनाची मच्छरदाणी त्याच्या पाळण्यावर होती. तरी कार्तिकात ताप आलाच. सकाळी आला आणि दुपारी त्याचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. येसू भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मी न्हाय बघू शकत. तुमी धरा."

मी धरला. कोयनेल मधात कालवून बोटाने त्याच्या टाळ्याला लावलं, ते त्याने ओकलं, पुन्हा लावलं. ओल्या फडक्याने अंग पुसत राहिलो. चार दिवस मी त्याला खाली ठेवला नाही. आपल्या मुलाला ताप आला की बाप काय करतो ते मला तेव्हा कळलं. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी ते येसूने एकटीने केलं होतं.

सुदाम वाचला. कोयनेलने, मच्छरदाणीने की दैवाने, मी सांगू शकत नाही. पुढच्या वर्षी त्याला ताप चारदा आला आणि प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा हलका. मलाही दरसाल येत गेला. तिसऱ्या पावसाळ्यात मी थंडी वाजत असताना जाळी सुकत घातली आणि संध्याकाळी जेवलो. वाडीत कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मला आनंद झाला असं म्हणवत नाही.

*

यंदा, माझ्या त्या आजारानंतर दहा वर्षांनी, भागीचं लग्न झालं. जावई चांगला आहे, मुंबईला गोदीत काम करतो. वैशाखात ती आगबोटीने निघाली. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसायच्या आधी मी तिला बाजूला घेतलं. हे येसूने सांगावं असं मी म्हणालो होतो. तिने मान फिरवली होती.

"पयल्या बाळंतपणाला माहेरी येऊ नको," मी म्हणालो. "तुझी आय मुंबईला येईल."

भागी माझ्याकडे बघत राहिली. "सगळ्या पोरी येतात."

"तू दिवाळीनंतर ये. शिमग्यापर्यंत रहा. पाऊस लागायच्या आत परत."

"पावसात आजीला काय झालं तर?"

"तरी न्हाय."

तिला कारण ठाऊक होतं. माझ्या आजारात ती सहा वर्षांची होती, पण तिने सगळं पाहिलं होतं. तिने पदर सारखा केला. पडाववाल्याने हाक मारली.

"मग तुमी?" तिने विचारलं.

"आमी हितंच," मी म्हणालो, आणि तिला हात देऊन पडावात चढवलं.